नकाशावरचा गुडघाभर डोह

१

ट्रॅक्टर जिथे गेला, तिथे नकाशाप्रमाणे गुडघाभर पाणी होतं. सकाळपासून चढलेलं पाणी त्यात धरलं तरी मांडीच्या वर जायला नको होतं. पण पुढच्या चाकांना टेकायला तळच सापडला नाही. ट्रॅक्टरने नाक खाली घातलं, मागची ट्रॉली त्याच्या अंगावर चढली, आणि थोड्या वेळाने पाण्यावर नुसते बुडबुडे उरले.

ड्रायव्हरच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक बेटावरच्या झाडाला. जीव वाचावा म्हणून बांधलेल्या दोराने फक्त देह परत आणला. उरलेल्या पाच जणांनी मिळून तो ओढला. ड्रायव्हरचा आवाज एवढा मोठा, की कालच आला तरी सगळे त्याला भोंगा म्हणायला लागले होते. आता तो आतल्या खोलीतल्या टेबलावर निजला होता, आणि त्या घरात इतकी शांतता आधी कधी नव्हती.

नदीच्या मधोमध बेट, बेटावर नदी मोजणाऱ्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. एका अंगाला मोठी धार. तिच्या वाटेला कोणी जात नसे. दुसऱ्या अंगाला लहान धार, तिलाच काय तो उतार. येणं-जाणं त्या उतारातून. वर कुठेतरी पाऊस झाला आणि सकाळी पाणी चढू लागलं, गढूळ झालं. तेव्हा मोजणीच्या साहेबांनी आधी सामान पलीकडे धाडलं. घडी घातलेली रबरी होडी, मोजायची काठी, यंत्रांच्या पेट्या. माणसं दुसऱ्या खेपेला जाणार होती. दुसरी खेप झालीच नाही.

साहेब ओलेत्या कपड्यांत ओसरीवर उभे होते. त्यांना कोणाला तरी बोलायचं होतंच.

"नकाशा कोणाचा?" त्यांनी विचारलं. त्यांनाही ठाऊक होतं कोणाचा ते.

"माझा," ड्रोन उडवणारी मुलगी म्हणाली. "ड्रोन मी उडवला. खोली मी काढली."

"मग माणूस कोणी मारला?"

 मुलगी मागे वळून आपल्या आत्याकडे बघत राहिली.

२

आत्या निवृत्त फौजदार. गुडघा गेलेला, जीभ शाबूत. 'आकाशातून नदीचा तळ दिसतो, बघायला ये' म्हणून भाचीने बोलावलं, आणि ती चार दिवसांसाठी आली होती.

तिने आधी साहेबांना छपरावर चढवलं, कारण फोनला तिथेच काय ती रेघ लागायची. साहेब खाली उतरले ते पांढरेफटक पडून.

"होडी उद्या दुपारी येईल म्हणतात. आणि वरच्या धरणाची दारं आज संध्याकाळी उघडणार आहेत. थांबवता येत नाहीत."

"दारं उघडली तर इथे किती येईल?"

साहेबांनी भिंतीवर लाल रंगाने ओढलेल्या जुन्या पुराच्या खुणेकडे बोट केलं. खूण खिडकीच्या वर होती.

"म्हणजे संध्याकाळच्या आत पलीकडे जायचं," आत्या म्हणाली.

"कशाने? मोजायची काठी बुडाली, होडी बुडाली. नकाशा आहे, तो हा असा!" साहेबांनी भाचीकडे हात केला. "त्याच्या भरवशावर मी पाऊल टाकणार नाही. मी पत्र्यावर बसेन."

"पत्रा आधी जाईल," रेतीवाला कोपऱ्यातून म्हणाला. पण लगेच पुढे म्हणाला, "तरी इथेच बसलेलं बरं."

रेतीवाला म्हणजे या मोजणीच्या मुक्कामाला ट्रॅक्टर, डिझेल, किराणा पुरवणारा. खालच्या वळणावर रेती काढायचा त्याचा परवाना होता. मेलेला भोंगा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याला बाहेर काढल्यापासून तो त्याच्या पायांपाशी बसला होता. डोळे कोरडे होते.

"तुम्ही या नदीत किती वर्षं काढलीत," आत्याने त्याला हळूच विचारलं. "चालत उतरायचं तर कुठून उतराल?"

"मला काय माहीत? मी काय नदी पिऊन बसलोय?"

आत्याने मान डोलावली आणि ती साहेबांकडे वळली.

"चौकशी करते म्हणते मी. माणूस मेलाय, आणि तो कशामुळे मेला हे कळल्याशिवाय नकाशावर विश्वास ठेवायचा की नाही ते कळणार नाही."

"आत्या भाचीची चौकशी करणार?" साहेब कडवट हसले. "निकाल ठरलेलाच की मग."

"साहेब, सख्ख्या दिराला आत टाकलाय मी. सासूबाई मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. नोकरीत तेवढं एक सुख मिळालं. आता सांगा, ट्रॅक्टर त्या वाटेने न्यायला कोणी सांगितलं?"

साहेबांचा आवाज खाली आला. "मी. जुनी वाट धारेने खणली, तिथे छातीभर झालं. नकाशात तिच्या वरच्या अंगाला उथळ पट्टा दिसत होता. म्हटलं, तिथून घे."

"आणि ही मोजणी कशासाठी चालली होती?"

"तळ कुठे, किती खरवडला गेलाय ते काढायला. परवान्याबाहेर रेती उपसतात अशी तक्रार होती."

आत्या अंगणात उतरली. खडीतून तिच्या चपलेला चिखल लागला. पांढरी खडी नावाला पसरलेली, खालची काळी माती जागोजाग दिसत होती.

"हे काय हो? खडी टाकलीय की अक्षता?"

"चार ट्रॉल्या मागवल्या होत्या," साहेब चिडून म्हणाले. "चिखल होतो म्हणून. ट्रॅक्टर सगळा आठवडा घरघरत होता, आणि हे बघा काम!"

"ट्रॅक्टर तेव्हा भोंगा चालवायचा?"

"तो कालच आला. आधी हे स्वतःच चालवायचे."

३

"मला लहान मुलीला सांगतात तसं सांग," आत्या भाचीला म्हणाली. दोघी खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर लॅपटॉप. "पाण्याखालचं तुला वरून कसं कळतं?"

"रंगावरून. पाणी उथळ असलं की तळ उजळ दिसतो, खोल असलं की काळपट. आपला काठीवाला पोऱ्या, बगळा, थोड्या ठिकाणी काठीने खरी खोली मोजतो. मग किती उजळ म्हणजे किती खोल, हे संगणक त्यावरून शिकतो आणि उरलेली नदी स्वतः भरतो. परवा पाणी नितळ होतं, म्हणून जमलं. आज उडवून उपयोग नाही. या गढूळ पाण्यात ड्रोन आंधळा."

"आणि ट्रॅक्टर गेला तिथे बगळ्याने मोजलं होतं?"

भाचीने नकाशावर एक ठिपका दाखवला. उजळ पट्ट्याच्या अगदी मधोमध. "हे बघ. गुडघाभर. मी एकटी नाही गं म्हणत, आत्या. काठी पण तेच म्हणते."

बगळा ओसरीच्या पायरीवर बसून पाणी किती चढलं ते बघत होता. लांब तंगड्या, बारीक मान, दिवसभर पाण्यात एका पायावर उभा. नाव कोणी ठेवलं ते सांगायची गरजच नव्हती.

"बगळोबा," आत्या त्याच्या शेजारी टेकली. "त्या पट्ट्यात उभा राहिला होतास तेव्हा पायाखाली काय लागलं? रेती की दगड?"

"रेतीच. म्हणजे, थोडे दगड. मिसळ होती."

"मिसळ होती. छान. तिथे तळच नाही रे बाबा. ट्रॅक्टर उभाच्या उभा गिळला. तू कशावर उभा होतास, माशावर?"

बगळ्याची मान छातीत गेली. 

"मी गेलोच नाही तिथे," तो म्हणाला. "तिथे ओढ जबर. आणि मला... कोणाला सांगू नका. मला पोहता येत नाही."

"बगळ्याला?"

"बगळा कुठे पोहतो हो? उभा राहतो." त्याचं त्यालाच हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "काठावरून बघितलं. तळ चकचकीत दिसत होता, हात घालून उचलावा असा. म्हटलं गुडघाभर. सांगून टाकलं. बाकी सगळीकडे खरंच मोजलं. शपथ घेतो. मी मारला ना त्याला?"

"ते मी ठरवेन. मला सांग, ट्रॅक्टर गेला तेव्हा तू कुठे होतास?"

"काठावर. रेतीवाले माझ्या शेजारी होते. ते ओरडले, 'खालच्या अंगाला घे, खालच्या अंगाला!' तेवढ्यात गेलाच."

"थांब. नीट आठव. आधी ओरडले की आधी बुडाला?"

बगळ्याने डोळे मिटले. ओठ हलवत त्याने ते सगळं पुन्हा एकदा बघितलं.

"आधी ओरडले," तो म्हणाला. "भोंग्याने मागे वळून 'काय म्हणता दाजी?' असं विचारलं पण. मग बुडाला."

४

आत्या परत खिडकीपाशी आली, तेव्हा ओसरीची पहिली पायरी पाण्याखाली गेली होती.

"रंगाचा साक्षीदार फुटला," ती म्हणाली. "दुसरा आहे का? त्याच नदीचा, पण रंगाशी घेणंदेणं नसलेला?"

 भाची ताठ बसली. "आहे! मी प्रत्येक जागेचे फोटो दोन-तीन ठिकाणांहून काढलेत. दोन डोळ्यांनी बघितलं की लांबचं-जवळचं कळतं ना, तसं त्यावरून तळ किती खाली ते काढता येतं. पाण्यातून तळ असतो त्यापेक्षा वर उचललेला दिसतो, तेवढं वाढवून घ्यायचं. पण वेळ फार खातं. साहेबांना घाई होती, आणि रंगाचं काठीशी जुळत होतं, म्हणून केलं नाही."

"आता कर. फक्त उताराचं. दोन साक्षीदारांची जबानी वेगवेगळी घ्यायची, एकमेकांचं ऐकू द्यायचं नाही. मग जिथे पटत नाही, तिथे कोणीतरी एकाला शिकवलंय असं समजायचं."

लॅपटॉप गरम झाला. बॅटरीची पट्टी उतरत गेली. साहेब दोनदा येऊन पाणी कुठवर आलं ते सांगून गेले. दुसऱ्यांदा त्यांना कोणी काही विचारलं नाही, तरी ते तिथेच उभे राहिले.

मग भाचीच्या तोंडून आवाज फुटला.

"पटतंय, आत्या! सगळीकडे पटतंय. जुन्या वाटेवर, दोन्ही काठांना. फक्त..." तिने बोट ठेवलं. "इथे, ट्रॅक्टरच्या जागी. रंग म्हणतो गुडघाभर, दोन डोळे म्हणतात दोन पुरुष खोल. आणि आणखी एक, हा इथे, खाली. तिथेही तसंच."

"म्हणजे तुझा नकाशा खोटा नाही."

"पण तळ उजळ का दिसला? इथला सगळा तळ काळ्या रेतीचा आहे..."  तिची नजर खिडकीतून अंगणातल्या खडीवर गेली.

"काळ्या कढईत पांढरं दूध ओतलं तर ती रिकामी आहे की भरलेली, वरून कोण सांगणार?" आत्या उठली. "तळावर पांढरी खडी पसरली, म्हणून खोल पाणी उजळ दिसलं. तुझ्या संगणकाला आणि बगळ्याच्या डोळ्याला एकच भूल पडली. तू आकडे बदलले असतेस तर फोटोत तळ पांढरा दिसला नसता. बगळ्याने आळस केला, पण ट्रॉलीभर खडी त्याने कुठून आणायची? साहेबांनी वाट दाखवली ती दिसलेल्या नकाशावरून."

साहेबांनी मान खाली घातली.

"मग उतरायला वाट आहे?" त्यांनी विचारलं.

भाचीने या काठापासून धारेच्या मधल्या काळ्या खडकापर्यंत आणि तिथून पलीकडे बोट फिरवलं. आजचं चढलेलं धरूनही पाणी छातीच्या वर कुठेच जात नव्हतं. पण खडकापाशी बोट अडलं.

"इथे नकाशाला भोक आहे. उन्हाची चकाकी पडली होती, फोटोत सगळं नुसतं चकचकीत. रंगही नाही, दोन डोळेही नाहीत. या जागेचं मला काहीच माहीत नाही. आणि दुसरी वाट नाही, जुनी तर धारेने खणून नेली."

"ही चकाकीची जागा अजून कोणी बघितली?"

"तुम्हा दोघांशिवाय कोणीच नाही."

"मग तोंड बंद ठेवा," आत्या म्हणाली आणि आतल्या खोलीकडे निघाली.

५

आतल्या खोलीत पाणी घोट्याएवढं होतं. रेतीवाला मेहुण्याचे पाय धरून तसाच बसला होता.

आत्याने दार लोटलं. "तो बुडायच्या आधी ओरडलात तुम्ही."

रेतीवाल्याने पायांवरची पकड घट्ट केली.

"नकाशा म्हणत होता उथळ. साहेब म्हणत होते उथळ. बगळ्यालाही उथळ वाटलं. या बेटावर एकाच माणसाला ठाऊक होतं की तिथे उथळ नाही. चार ट्रॉल्या खडी आणली कोणी? तुम्ही. अंगणात पडली ती एकही पुरती नाही. बाकीची वाटेतच नदीत गेली. वर्षानुवर्षं नदी उपसलेला माणूस मला म्हणतो, 'मला काय माहीत नदीचं.' बसलं तर मरू हे ठाऊक असून बसा म्हणता, कारण उतरायचं म्हटलं तर तुम्हाला बोलावं लागेल."

रेतीवाल्याने मेहुण्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"मी त्याला जुन्या वाटेने जा म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "साहेबांनी वाट बदलली तेव्हा मी मागे होतो. कळलं तेव्हा चाकं पाण्यात. बाई, एक क्षण मी गप्प राहिलो. एकच. वाटलं, कडेने निघून जाईल. ओरडलो तर सगळं उघडं पडेल. मग ओरडलो. तेवढ्यात..." त्याने तोंडावर हात घेतला. "हिचा एकुलता भाऊ होता हो. मीच बोलावून घेतला. म्हटलं, चांगलं काम आहे."

आत्याने त्याला रडू दिलं. पाणी टेबलाच्या पायाला लागून आवाज करत होतं.

"खड्डे किती?" तिने विचारलं.

"तीन."

दाराबाहेर भाचीचा श्वास अडकलेला ऐकू आला. साहेब आत आले. "खोटं बोलतोय हा! नकाशात दोन आहेत."

"दोनांवर खडी टाकली," रेतीवाला म्हणाला. "तिसऱ्याला पुरली नाही. तिसरा काळ्या खडकाला लागून, वरच्या अंगाला. तुम्हाला तो दिसलाच असेल म्हणून मी दोन रात्री झोपलो नाही. खडकाच्या खालच्या अंगाने गेलात तर तळ लागेल."

साहेब आत्याकडे बघू लागले. "याच्यावर विश्वास ठेवायचा? जो सख्ख्या मेहुण्याला—"

"लपवणारा माणूस आकडा कमी सांगतो, साहेब, वाढवत नाही. आणि तिसरा म्हणून त्याने नेमकी तीच जागा सांगितली, जिथे नकाशाला भोक आहे. ते भोक त्याने बघितलेलंच नाही." ती रेतीवाल्याकडे वळली. "पुढे तुम्ही चालायचं. दोर सगळ्यांच्या कमरेला. तुमचा पाय चुकला तर आम्ही चौघेही तुमच्यामागे येऊ."

"याला घेऊन जाऊ," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मी पाठीवर घेतो."

"नाही."

"हिला काय सांगू मी?"

"जिवंत पोचलात तर सांगायचं ठरवा."

त्यांनी भोंग्याला चादरीत गुंडाळून छपराखालच्या माळ्यावर चढवला आणि तुळईला घट्ट बांधला, म्हणजे पाणी त्याला नेणार नाही. गाठी रेतीवाल्याने मारल्या. शेवटची गाठ त्याने सोडून पुन्हा मारली.

६

उतरले तेव्हा पाणी कमरेला लागलं. पुढे रेतीवाला, मागे आत्या, तिच्यामागे डोक्यावर लॅपटॉप धरलेली भाची, मग बगळा, शेवटी साहेब.

पाणी कमरेवरून पोटाला आलं, पोटावरून छातीला. खाली काही दिसत नव्हतं. मागे वळून बघायचीही सोय नव्हती, कारण मान वळवली की पाय सुटायचे. आत्याचा गुडघा प्रत्येक पावलाला शिव्या देत होता आणि ती त्याला परत देत होती.

"आत्या, हळू बोल गं," मागून भाची म्हणाली.

"पाणी काय लाजणार आहे?"

बगळा मोठमोठ्याने मोजत होता. काय मोजत होता त्यालाच माहीत. मध्येच तो म्हणाला, "साहेब, मला पोहता येत नाही."

"मलाही नाही," साहेब म्हणाले. त्यानंतर दोघांनी एकमेकांचा दंड धरला तो पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही.

काळ्या खडकाचं टोक तेवढं वर होतं. रेतीवाल्याने खडकाला हात लावला आणि वरच्या अंगाला पाय लांबवला. पाय मांडीपर्यंत खड्ड्यात गेला, तो कमरेपर्यंत गेला, तरी तळ लागला नाही. दोर ताणला. आत्याने दोन्ही हातांनी धरला. तो हळूहळू परत वर आला.

"इथे," एवढंच तो म्हणाला आणि खालच्या अंगाला वळला. तिथे तळ लागला. पाणी आत्याच्या गळ्याशी आलं, हनुवटीला लागलं आणि मग उतरू लागलं.

पलीकडे माणसं जमली होती. कोणी हात दिले, कोणी कोरडी घोंगडी. त्या गर्दीतून एक बाई पुढे आली. तिने रेतीवाल्याकडे बघितलं, मग दोराच्या मागे. एक, दोन, तीन, चार. तिथे दोर संपला होता.

"भाऊ कुठाय?"

साहेबांनी घसा साफ केला. "ताई, ते नकाशात जरा—"

बाईची नजर भाचीच्या हातातल्या लॅपटॉपवर गेली. भाची मागे सरली.

"तिच्याकडे बघू नकोस," रेतीवाला म्हणाला. "तिला जे दिसलं तेच तिने काढलं. रेती उपसून मी डोह केला. तो दिसू नये म्हणून मी तळ पांढरा केला. तुझा भाऊ त्यात गेला. मला ठाऊक होतं, आणि मी उशिरा बोललो."

 बाईला ते सगळं समजायला वेळ लागला. मग तिने पाण्यापलीकडच्या घराकडे बघितलं. दार पाण्यात गेलं होतं.

"आणि त्याला एकट्याला तिथे ठेवून आलास?"

रेतीवाल्याने घराकडे तोंड केलं आणि तो सरळ पाण्यात चालू लागला. इतक्या सहज, की पहिली दोन पावलं कोणाच्या लक्षातच आली नाहीत. तिसऱ्या पावलाला आत्याच्या कमरेला झटका बसला.

"धरा!" ती ओरडली आणि चिखलात बसली. बगळ्याने दोर पकडला, साहेबांनी बगळ्याला पकडलं. धार ओढत होती, तोही ओढत होता. दोर हातातून सरकत चालला.

मग आत्याच्या पुढे दोन हात आले आणि दोरावर आवळले गेले. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकल्या. बाईने पाय रोवले.

"ओढा," ती दात आवळून म्हणाली. "ओढा त्याला बाहेर. इतक्या स्वस्तात सुटायचा नाही तो."